वरदा पाण्यात उतरणार नव्हती

“तिसरा ओंडका,” शैलाताई म्हणाल्या. “बघितलंत ना? हात पुढे केला त्याने. घरी पाण्याचा तांब्या उचलून देत नाही कार्टा.”

मी बघितलंच होतं. मी तर मोजतही होते. वाटेत आडव्या पडलेल्या पहिल्या झाडापाशी अभिरामने हात पुढे केला तेव्हा वरदाने तो न बघितल्यासारखं करून आपली आपणच उडी मारली होती. दुसऱ्यापाशी दोन बोटं धरली. तिसऱ्यापाशी अख्खा हात, आणि ओंडका ओलांडून झाल्यावरही चांगली सात-आठ पावलं तो सोडला नव्हता. शैलाताईंना ओंडके दिसले, मला पावलं दिसली. आमच्या नजरेत एवढाच काय तो फरक.

“संस्कार आहेत तुमचे,” मी म्हटलं.

“संस्कार कसले डोंबलाचे! पायाखाली चिखल आहे म्हणून,” असं म्हणून त्या स्वतःच्याच विनोदावर इतक्या मोठ्याने हसल्या की पुढे चाललेले आमच्या सहलीतले घाटपांडे काका दचकून मागे वळले.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. अंदमानातलं हॅवलॉक बेट, डिसेंबरचा महिना, आणि साताऱ्याहून निघालेली आम्हा चौदा जणांची सहल. त्या दिवशी सकाळी जंगलातून पाऊण तास चालत पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं, तिथे समुद्रातले खेळ खेळायचे आणि दुपारी बोटीने परत यायचं, असा बेत होता. जंगल कसलं, हिरवा काळोख होता नुसता. झाडांच्या बुंध्यांना भिंतींसारखी मुळं फुटलेली, मागे माणूस उभा राहिला तर खांद्यापर्यंत लपेल अशी. वर कुठेतरी ऊन पडलं असावं. आमच्यापर्यंत त्याची फक्त वाफ पोहोचत होती.

आमच्या दृष्टीने ही सहल म्हणजे बघण्याचा कार्यक्रम होता. आमच्या ज्ञातीतल्या एका खटपट्या बाईंनी काढलेली ती युक्ती. पोह्यांच्या बशा समोर ठेवल्या की हल्लीची मुलं बुजतात, त्यापेक्षा दोन्ही घरांनी एकाच सहलीत नावं घालावीत. आठ दिवस एकत्र हिंडतील, खातील, बोलतील. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर अंदमान तरी बघून होईल. गुप्त्यांकडून शैलाताई आणि त्यांचा मस्कतला नोकरी करणारा मुलगा अभिराम. आम्हा सबनीसांकडून माझी भाची वरदा, आणि तिच्यासोबत मी, कुमुदआत्या. वरदाचे वडील म्हणजे माझा भाऊ. तो जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. वहिनीचे गुडघे संधिवाताने धरलेले, म्हणून पाठराखणीला मी.

वरदा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. शाळेत भूगोल शिकवायची. दिसायला नीटस, बोलायला गोड, स्वयंपाकात चोख. एकच गोष्ट होती, तिला आमच्या घरात ‘तिचं ते’ म्हणत. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात एकदा आणि बाविसाव्या वर्षी स्वयंपाकघरात एकदा, अशी दोनदा तिला आकडी आली होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी. पाच वर्षांत पुन्हा काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, लग्न करा, मुलं होऊ द्या, काही बिघडत नाही. पण डॉक्टर स्थळं बघायला येत नाहीत. आधीची दोन स्थळं कुणाच्या तरी कुजबुजीने मोडली होती. निघताना वहिनीने दारातच माझा हात धरून सांगितलं, “वन्सं, हे तिसरं. अक्षता पडेपर्यंत तुमच्या तोंडाला कुलूप.” गोळ्याही तिने व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून दिल्या होत्या.

कुलपाची मला सवय होती. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसले. कुणाच्या घरात काय झालं हे गावात सगळ्यात आधी मला कळायचं आणि माझ्याकडून कुणालाही कळायचं नाही.

“वरदाला वाल सोलता येतात?” शैलाताईंनी विचारलं. चालता चालता त्यांची परीक्षा चालूच होती.

“भिजत घालण्यापासून. तुम्ही फक्त पातेलं किती मोठं ते सांगा.”

“उठते किती वाजता? आमच्या धाकट्या जावेची सून नऊला उठते आणि वर चहा कुठाय विचारते.”

“साडेपाचला.” हे खरं होतं. उठल्या उठल्या गोळी असायची, तेवढं मी सांगितलं नाही.

“आणि तब्येत?”

मी पुढे बोट दाखवलं. “बघताय ना? आपण दोघी धापा टाकतोय आणि ती कशी भराभर चाललीय.”

उत्तरही दिलं आणि खोटंही बोलले नाही. खिडकीवर बसल्याचा एवढा तरी फायदा.

“तशी आमची अट काहीच नाही हो,” त्या म्हणाल्या. त्यांचे पांढरे बूट आता कुठल्याच रंगाचे उरले नव्हते. “फक्त लपवाछपवी नको. माझ्या नणंदेच्या मुलाच्या वेळी काय झालं, मुलगी एका कानाने बहिरी. लग्नाला सहा महिने झाल्यावर कळलं! सहा महिने हा तिच्या डाव्या बाजूने बोलतोय आणि ती नुसती हसतेय. आम्ही म्हणतोय, किती लाजाळू गं बाई पोर!”

मी हसले. हसताना मी पुढे बघत होते. वरदा आणि अभिराम एका वळणावर थांबले होते. ती बोलत होती, तो मान खाली घालून ऐकत होता. चांगली चार-पाच मिनिटं ती बोलली. मग त्याने तिच्या खांद्यावरची कापडी पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली, आणि दोघं पुढे चालायला लागली. मी मनात नोंद करून टाकली, जमलं.

शैलाताईंनीही ते बघितलं असावं, कारण त्यांनी एकदम माझ्या दंडाला धरून मला थांबवलं. “आता तुम्हाला म्हणून सांगते, कुमुदताई. आज परत गेलो की मी तुमच्या वहिनींना फोन लावणार. माझा होकार आहे. मेमध्ये लग्न, जूनमध्ये दोघं मस्कतला. आणि काल हा काय म्हणाला माहितीये? म्हणतो, आई, वरदाच्या आईंनाही तिकडेच नेऊ. एकुलती एक लेक, त्यांचा जीव कसा लागणार इथे? कंपनीचं घर आहे त्याला, ऐसपैस. आहे की नाही विचारी?”

“फारच,” मी म्हटलं. “आणि मी?”

हसतच विचारलं होतं मी.

“तुमचं काय हो!” शैलाताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. “तुम्हाला कुणाची गरज आहे! तुमच्याइतकी खंबीर बाई बघितली नाही मी. उलट सुटाल एकदाच्या.”

पुढच्याच मुळावर मी अडखळले. शैलाताईंनी धरलं म्हणून, नाहीतर तोंडावर पडले असते.

जंगल संपता संपता खारफुटी लागली, घोट्याएवढ्या पाण्यातून चालावं लागलं, आणि मग एकदम लख्ख उजेड. पांढरी वाळू, पाणी असं की तळातला खडानखडा दिसावा. सगळ्यांनी एकसुरात “अहाहा” केलं. मग जो तो कोरडी जागा पकडायला धावला.

किनाऱ्यावर खेळांची व्यवस्था बघणारा तपन नावाचा चाळिशीचा बंगाली माणूस होता. त्याने हिंदीत समजावून सांगितलं. बोटीने थोडं आत जायचं. तिथे डोक्यावर काचेचं भलं मोठं हेल्मेट चढवून शिडीने खाली उतरायचं आणि समुद्राच्या तळाशी चालायचं. हवा वरून नळीने येते, पोहता आलं नाही तरी चालतं. “लेकिन फॉर्म भरना पड़ेगा,” तो म्हणाला. “जो नीचे जाएगा, जो बोट में बैठेगा, सबका फॉर्म.”

फॉर्म इंग्रजीत. निम्म्या लोकांचे चष्मे हॉटेलवर. अक्षर चांगलं असण्याची शिक्षा मी आयुष्यभर भोगलेली आहे; पाच मिनिटांत सगळे फॉर्म माझ्या मांडीवर येऊन पडले. नाव, वय, पत्ता, आणि खाली आजारांची यादी. प्रत्येकापुढे होय की नाही, दोन चौकटी.

घाटपांडे काका माझ्या कानाशी आले. “कुमुदताई, साखरेचं काही लिहू नका हं.”

“किती आहे?”

“दोनशेच्या आतबाहेर.”

“आतबाहेर म्हणजे बाहेरच असणार. बरं, नाही लिहिते. गोड माणूस म्हणून सोडून देते.”

मग शैलाताई. “माझं ते बीपीचं… म्हणजे गोळी आहे, पण अर्धीच.”

“अर्ध्या गोळीला इथे रकाना नाही,” मी म्हटलं आणि ‘नाही’वर खूण केली. शैलाताईंनी खूश होऊन मला पर्समधली आवळासुपारी दिली.

शेवटी वरदा आली. माझ्या शेजारी वाळूत उकिडवी बसली. तिचे गाल उन्हाने लाल झाले होते. निदान मी तरी तेव्हा तसंच धरलं.

“आत्या, मी खाली नाही जाणार. बोटीतच बसेन. अभिराम उतरेल, मी वरून बघेन. पण बसायलाही फॉर्म लागतो म्हणे. तू सगळीकडे ‘नाही’ लिहून टाक.”

“नक्की नाही उतरणार?”

“वेडी आहे का मी? माझं मला माहीत नाही का?”

“त्याने आग्रह केला तर?”

“नाही करणार तो.” ती हसली. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. “संध्याकाळी सांगते तुला एक गोष्ट. आत्ता नाही.”

आणि ती उठून पाण्याच्या कडेला गेली. अभिराम तिथे उभा होता, तिची पिशवी अजून त्याच्याच खांद्यावर.

मी तिचा फॉर्म घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पत्ता लिहिला, आमच्या तिघींचाच पत्ता, दोन ओळींत मावला. दमा, नाही. हृदयविकार, नाही. कानाची शस्त्रक्रिया, नाही. मग फिट्स. तिथे मी ‘होय’च्या चौकटीत खूण केली आणि शेजारी मोकळ्या जागेत इंग्रजीत लिहिलं, आकडी येते, औषध चालू आहे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. मग गठ्ठा सारखा केला, तिचा फॉर्म सगळ्यात वर ठेवला आणि तपनला नेऊन दिला.

तो बिचारा आपलं काम करत होता. पहिलाच कागद वाचून त्याने मान वर केली.

“वोरोदा कौन है?”

वरदाने हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

“आपको मिर्गी का बीमारी है? फिट आता है? तो मैडम, नीचे नहीं, बोट में भी नहीं. हम रिस्क नहीं लेगा.”

आवाज तसा मोठा नव्हता त्याचा. पण लाटा तिथे आवाज करत नाहीत, नुसत्या येतात आणि जातात. चौदाच्या चौदा जणांनी ऐकलं.

“काय म्हणाला तो?” शैलाताईंनी विचारलं. हिंदी त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येत होतं.

त्या क्षणी मी म्हणू शकले असते की माझी चूक झाली, दुसऱ्याच ओळीवर खूण पडली. चष्म्याचा दोष. कुणीही मानलं असतं, मी तेवढी विश्वासातली बाई होते. मी पेनाला टोपण लावलं.

वरदाने माझ्याकडे बघितलं नाही. ती अभिरामकडे बघत होती.

“अभिराम,” शैलाताई म्हणाल्या, “तुला माहीत होतं हे?”

“नाही,” तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. मग त्याने खांद्यावरची पिशवी काढली, वरदाच्या पायांपाशी ठेवली आणि तो सँडलचा पट्टा घट्ट करायला खाली वाकला. पट्टा आधीच घट्ट होता.

शैलाताईंनी काही आरडाओरडा केला नाही. मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. “पोर किती आवडली होती हो मला. पण आम्हाला विश्वासात घ्यायला हवं होतं. तुमच्या वहिनींनी घेतलं नाही, वरदाने घेतलं नाही. एक तुम्हीच सरळ निघालात. कागदावर खोटं लिहिलं नाहीत. तुमचे उपकार झाले, कुमुदताई.”

मग त्या बोटीत बसल्या, हेल्मेट घालून समुद्राच्या तळाशी फिरून आल्या. अभिरामही जाऊन आला. घाटपांडे काका दोनदा जाऊन आले. मासे अगदी अंगाशी येतात म्हणे, पिवळे आणि निळे. वरदा तेवढा वेळ नारळाच्या एका पडलेल्या खोडावर बसून होती. मी दोनदा तिला शहाळं आणून दिलं. दोन्ही वेळा तिने “थँक्यू आत्या” म्हटलं आणि बाजूला ठेवून दिलं.

परतीची बोट सगळ्यांसाठी होती, तिच्यासाठीही आता कुणाची हरकत नव्हती. खेळ संपले होते. पण ती म्हणाली, “मी चालत जाते.” मग मीही निघाले.

ती पुढे, मी मागे. प्रत्येक ओंडक्यापाशी ती थांबायची आणि माझ्यासाठी हात मागे करायची. मी तो धरून पलीकडे जायचे. दुपार उलटत होती, चिखल सकाळपेक्षा वाढला होता. शेवटी मलाच राहवेना.

“जिवापुढे लग्न मोठं नाही, वरदा. खाली काही झालं असतं म्हणजे? मी वहिनीला काय तोंड दाखवलं असतं?”

“मी खाली जाणार नव्हते.”

“आत्ता म्हणतेस. त्याने आग्रह केला असता म्हणजे…”

“त्याला माहीत होतं.”

मी थांबले. तीही थांबली.

“सकाळी सांगितलं मी त्याला,” ती म्हणाली. “सगळं सांगितलं, दोन्ही वेळच्या तारखांसकट. गोळीचं नाव सांगितलं. आईने सांगू नको म्हटलं होतं तरी. मला त्याला फसवायचं नव्हतं. तो म्हणाला, मला काही वाटत नाही. फक्त आईला आत्ताच नको, साखरपुडा झाला की मी माझ्या पद्धतीने सांगतो. तीच गोष्ट तुला संध्याकाळी सांगणार होते.”

“मग सगळ्यांसमोर ‘नाही’ का म्हणाला?” मला एकदम जोर आला. “असला पळपुटा मुलगा! बरंच झालं की मग, वेळीच कळलं. अगं, अशा माणसाशी…”

“ते त्याचं त्याच्यापाशी,” वरदा म्हणाली. “मी तुझं विचारतेय.”

“माझं काय?”

“शैलाताईंच्या बीपीला तू ‘नाही’ लिहिलंस. घाटपांडे काकांच्या साखरेलाही. मी मागेच उभी होते, माझी पाळी यायची वाट बघत. ती दोघं खरोखर खाली जाणार होती, आत्या. त्यांना काही झालं असतं तर? त्यांच्या जिवाची तुला काळजी वाटली नाही. मग माझंच का लिहिलंस?”

खिडकीवर सव्वीस वर्षांत मला कुणी निरुत्तर केलं नव्हतं. भांडखोर जावई, दारू पिऊन आलेले मुलगे, वकील, नगरसेवक, सगळ्यांना मी पुरून उरले होते. आणि उत्तर माझ्यापाशी नव्हतं असंही नाही. चांगलं तयार उत्तर होतं. तिच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना मला ते घर दिसलं होतं, आणि त्या घरात मी एकटी. वहिनी नाही, वरदा नाही. संध्याकाळी दिवा लावायलाही मीच आणि तो बघायलाही मीच. त्यानंतर त्या चौकटीपर्यंत पोहोचायला मला तीनच ओळी लागल्या होत्या.

“पायाखाली बघ,” मी म्हटलं. “चिखल आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. भूगोलाच्या तासाला नकाशा बघावा तशी, सावकाश, वरपासून खालपर्यंत. काय वाचायचं ते तिने वाचलं असावं, कारण पुन्हा तो प्रश्न तिने त्या दिवशीच काय, कधीच विचारला नाही. वळली आणि चालायला लागली. पुढच्या ओंडक्यापाशी थांबून तिने परत हात मागे केला. त्या हाताची पकड सकाळी तिने अभिरामचा हात धरला होता तशी नव्हती. रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाला धरतात तशी होती. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते.

बेटावरच्या बाजारात किराण्याच्या दुकानात एसटीडी फोन होता. मोबाइल तिथे चालत नव्हते. वहिनी घरी फोनजवळ बसलेली असणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आज ना उद्या शैलाताई बोलतील या आशेवर ती सहल निघाल्यापासून बसूनच होती. वरदा आत गेली. काचेचं दार नीट लागत नव्हतं. मी बाहेर बाकावर बसले, पोह्यांच्या पोत्याशेजारी.

“आई, नाही जमलं गं… त्यांना कळलं… नाही, कुणी कुजबुजलं नाही. मी सांगितलं… हो, मीच. सगळ्यांसमोर… का म्हणजे? सांगावंसं वाटलं… आत्या काय करणार? ती मला अडवतच होती. तिला कशाला बोल लावतेस? सारखी गप्प बस म्हणत होती, मीच ऐकलं नाही… रडू नकोस ना. आई. आई, ऐक. गुडघ्याला तेल लावलंस का आज?”

ती बाहेर आली. दुकानदाराकडून सुटे पैसे घेतले, पर्समध्ये टाकले, चेन लावली.

“मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?” ती म्हणाली. “तूही तेच सांग.”

“वरदा, अगं तू कशाला…”

“तुम्हा दोघींना एका घरात राहायचंय,” ती म्हणाली. “आणि मलाही.”

मी तेच सांगितलं. घरी पोहोचल्यावर वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत तेच सांगितलं.

त्यानंतर आणखी दोन स्थळं आली, पण वरदानेच नाही म्हटलं. आकडी तिला पुन्हा कधी आली नाही. चार वर्षांनी डॉक्टरांनी गोळीसुद्धा बंद केली. आता ती बेचाळीस वर्षांची आहे, शाळेत मुख्याध्यापिका आहे. साडेपाचला उठण्याची सवय राहिलीय. माझा चहा, माझी औषधं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं वेळच्या वेळी. शेजारणी म्हणतात, आत्यासाठी पोरगी राहिली हो. वरदा ते ऐकते आणि त्यांना बसायला खुर्ची देते.

वहिनी अंदमाननंतर सहा वर्षं जगली. या सहा वर्षांत लेकीवरचा तिचा राग काही गेला नाही. घरात भांडं पडलं तरी तिथून सुरुवात व्हायची. “आली मोठी हरिश्चंद्राची लेक! जिभेला हाड असतं तर आज मस्कतला असतीस. आपल्या हाताने घालवलंस.” मी त्याच खोलीत असायचे. मेथी निवडत, पेपर वाचत. एक वाक्य बोलायचं होतं. सहा वर्षांत किती वेळा ते जिभेवर आलं याचा आकडा माझ्याजवळ नाही, आणि असं मी फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणू शकते.

शेवटच्या आठवड्यात तिला अन्न जाईना. वरदा उशाशी बसून तिला चमच्याने तांदळाची पेज भरवत होती. मी पायांशी होते. वहिनीने हात लांब केला, माझ्या मनगटापर्यंत कसाबसा पोहोचवला.

“वन्सं,” ती म्हणाली, “माझ्यामागे हिला तुम्हीच सांभाळा. हिला स्वतःचं भलं कळलं नाही कधी. तुम्ही अडवत होतात, हिने ऐकलं नाही.”

वरदाने चमचा भरला, कडेला निपटला, आईच्या ओठांशी नेला. हात जरासुद्धा थांबला नाही.

“आ कर, आई,” ती म्हणाली.

“सांभाळेन, वहिनी,” मी म्हटलं.